सोमवारचा आकडा

मी तापमापक. आजारी माणसाच्या काखेत ठेवतात तो नव्हे, तो माझा धाकटा भाऊ. मी भिंतीवरचा. हातभर लांबीची लाकडी पाटी, तिच्यावर पांढरा रंग, काळे आकडे आणि मधोमध काचेची बारीक नळी. नळीत पारा. तो पारा म्हणजे माझा जीव.

आज मी बोलणार आहे. तसं मला रोजच बोलायला लावायचे, पण एक आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं, एवढंच. पहिल्या अकरा वर्षांत एकानेही मला "आणखी काय?" असं विचारलं नाही.

माझा जन्म एका लांबट खोलीत झाला. तिथे दोन भाऊ काम करायचे. थोरला गॅसच्या निळ्या ज्योतीवर काच फुंकायचा, धाकटा तिच्यात पारा भरायचा. माझी नळी बंद झाल्यावर धाकट्याने मला उचललं आणि वितळणाऱ्या बर्फात उभं केलं. जन्मल्या जन्मल्या अशी आंघोळ! मी पार आक्रसून गेलो. जिथे थांबलो तिथे त्याने खूण केली. ते माझं शून्य.

मग मला कढत पाण्यात एका म्हाताऱ्या तापमापकाशेजारी उभं केलं. तो त्या खोलीतला सर्वांत जुना, नव्याने आलेल्या प्रत्येकाला त्याच्याकडूनच शिकावं लागे. तो पन्नास म्हणाला तिथे माझी दुसरी खूण झाली. पाण्यातून वर येता येता तो मला म्हणाला, "पोरा, आपलं काम सोपं. जिथे उभे आहोत तिथलं सांगायचं. बाकीच्या गावाची उठाठेव करायची नाही."

आकडे त्या भावांची बहीण काढायची. तिचा ब्रश चार केसांचा. माझा सदतीस जरा तिरका आहे. तो काढताना तिला शिंक आली होती. पुसून पुन्हा काढायचा कंटाळा तिने केला, आणि मी तिरक्या सदतिसासकट खोक्यात बंद झालो.

ते खोकं उघडलं एका लहानशा गावाच्या कचेरीत. एक चौक, एक तळं, तळ्याच्या काठी मोठ्या झाडांचं मैदान, आणि चौकाच्या कोपऱ्यावर ही कचेरी. मला पाहायला सगळे जमले. गावाचे अध्यक्ष म्हणाले, "चौकातून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसला पाहिजे. समोरच्या भिंतीवर लावा."

माझ्याबरोबर खोक्यात एक चिठ्ठी होती. ती वाचायला कोणाला सवड नव्हती. सुताराने भिंतीत भोक पाडलं, ते जरा मोठं झालं. खिळा हलायला लागला. सुताराने इकडेतिकडे पाहिलं, चिठ्ठी उचलली, तिची घट्ट घडी केली आणि भोकात कोंबली. मग खिळा ठोकला. "आता हत्ती टांगा," तो म्हणाला. मी ओरडलो असतो, पण मला तोंड नाही.

ती भिंत पश्चिमेची. दुपारनंतर ऊन सरळ अंगावर. तेवढंही चाललं असतं. पण भिंतीच्या ज्या टोकाला मी होतो, त्याच्या पलीकडे कचेरी नव्हती, बेकरी होती. बेकरीचं तोंड मागच्या गल्लीत, त्यामुळे चौकातल्या माणसाला ती दिसत नसे. बेकरीवाला चार वाजताच्या पावासाठी एक वाजता भट्टी पेटवायचा. तिची आच विटांतून हळूहळू चालत यायची आणि तीन वाजता माझ्या पाठीशी येऊन पोहोचायची.

आणि मला वाचायची वेळ कोणती? बरोबर तीन.

मला वाचायचे ते कचेरीतले कारकून. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. बारीक अंगाचे, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. कचेरीच्या घड्याळात तीनचा ठोका पडला की ते वही घेऊन बाहेर येत, चष्मा पुसत, श्वास रोखून माझ्यासमोर उभे राहत. श्वासाने आकडा हलेल अशी त्यांना भीती होती. मग वहीत लिहीत, आणि चौकातल्या फळ्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहीत.

त्यांच्या वहीसारखी वही मी पाहिली नाही. खाडाखोड नाही, शाईचा डाग नाही. चूक झालीच तर चुकलेल्या आकड्यावर एक सरळ रेघ, बाजूला बरोबर आकडा, खाली बारीक सही. "चूक लपवायची नाही, दिसली पाहिजे," असं ते नव्या शिपायाला सांगायचे. मला त्यांचा अभिमान वाटायचा. असा वाचणारा मिळायला भाग्य लागतं.

आणि मी त्यांना उन्हाळाभर काय सांगायचो? चव्वेचाळीस. पंचेचाळीस. एकदा सेहेचाळीस.

मी खोटं बोलत नव्हतो. त्या भिंतीवर तेवढंच होतं. पण लोक तो आकडा भिंतीचा समजत नव्हते, गावाचा समजत होते.

फळ्यावरचा आकडा जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात जायचा. हळूहळू आमच्या गावाचं नाव भट्टीचं गाव असं पडलं. खऱ्या भट्टीचा तेव्हा कोणाला पत्ताही नव्हता! शाळेवर नेमलेल्या एका शिक्षिकेने आकडा वाचून दुसरं गाव मागून घेतलं. सुट्टीत नातवंडं यायची बंद झाली. खुद्द भाऊसाहेबांच्या मुलीने कळवलं, "बाबा, तुमच्या आकड्यानेच घाम फुटतो. मुलांना घेऊन नाही येत." भाऊसाहेबांनी ते पत्र वाचलं, खिशात ठेवलं आणि तीनला बाहेर येऊन पंचेचाळीस लिहिलं.

लोकांनी बाहेर पडणं सोडलं. संध्याकाळी तळ्यावरून वारा सुटायचा, पण तो अनुभवायला काठावर माणूस नसायचा. बाकं धुळीने भरली. मुलं पोहायला येईनात. सकाळी फिरणारे दोन म्हातारे होते, त्यांनीही फिरायच्या चपला माळ्यावर टाकल्या. बाहेर सुंदर हवा पडलेली असायची आणि माणसं दारं लावून फळ्यावरच्या आकड्याला घाबरत बसायची.

फक्त एक बाई मैदान सोडायला तयार नव्हती.

तिला सगळे शिट्टीबाई म्हणत. वय पन्नाशीच्या पुढे, चाल मात्र विशीतली. गळ्यात कायम शिट्टी. मैदानाच्या फाटकाला लागून एक खोली होती, तिथे ती राहायची. फाटक उघडणं, पालापाचोळा झाडणं ही तिची नोकरी. पण तिचा जीव अडकला होता तो तेवीस मुलींत. त्यांना ती पळायला शिकवायची.

आणि त्या उन्हाळ्यात एक मुलगी पळता पळता पडली.

ती सुताराची मुलगी. दुपारचे चार वाजले होते. चक्कर आली, शुद्ध हरपली. पाणी मारल्यावर डोळे उघडले, दुसऱ्या दिवशी ती हिंडायलाही लागली. पण सुताराच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तो कचेरीत आला आणि टेबलावर हात आपटून म्हणाला, "पंचेचाळीस अंशात पोरी पळवतात का? माणसं आहात की कोण?"

आठ दिवसांत नोटीस लागली. गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता सभा. विषय एकच: मैदान कायमचं बंद करून, झाडं काढून, तिथे शीतगृह बांधणे.

सोमवारी दुपारी शिट्टीबाई कचेरीत आली. नोटीस तिने दोनदा वाचली. तिला हवामानाची वही पाहायची होती, खरंच इतकं तापतं का ते बघायला. शिपाई म्हणाला, "भाऊसाहेब तीनला बाहेर येतील, तेव्हाच विचारा." म्हणून ती माझ्याजवळ भिंतीच्या सावलीत उभी राहायला आली. पाहते तर भिंतीला सावलीच नाही. ती डोक्यावर पदर घेऊन तशीच थांबली.

तीन वाजले. भाऊसाहेब आले. चष्मा पुसला, श्वास रोखला. मी म्हणालो, एक्केचाळीस.

त्यांनी एक्केचाळीस लिहिलं. मान हलवली. पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मग पेन उचलून त्या आकड्यावर एक सरळ रेघ मारली, बाजूला पंचेचाळीस लिहिलं आणि खाली सही केली.

शिट्टीबाई हे सगळं त्यांच्या खांद्यावरून पाहत होती.

"भाऊसाहेब, हे काय केलंत?"

ते दचकले. "दुरुस्ती केली."

"एक्केचाळीस दिसतंय की ढळढळीत. मला चष्म्याशिवाय दिसतंय."

"तसं नाही, बाई." भाऊसाहेब समजावू लागले. "काल रविवार. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी माझा डोळा स्थिर नसतो. शनिवारी पंचेचाळीस होतं, उद्या परत पंचेचाळीस येणार. हवा अशी मधेच चार पायऱ्या खाली उडी मारत नाही. म्हणजे चूक माझीच."

"दर सोमवारी चुकता?"

"दर सोमवारी," भाऊसाहेब शरमून म्हणाले. "अकरा वर्षं प्रयत्न करतोय. जमत नाही."

शिट्टीबाईने वही मागितली. बाकावर बसून ती पानं उलटू लागली. प्रत्येक सोमवारी एक रेघ. रेघेखाली खरा आकडा, स्वच्छ, वाचता येईल असा. ती मोठ्याने हसली. "अहो, गावाचा ताप सोमवारीच उतरतो होय? सुट्टी घेतो की काय?"

भाऊसाहेबांना वाईट वाटलं. पण आलेल्या माणसाला चहा विचारायची त्यांची रीत होती. शिपायाने दोन कप आणून ठेवले. भाऊसाहेब कप पुढे करत म्हणाले, "नुसताच घ्या. बिस्किटं मागवली असती, पण आज सोमवार. बेकरी बंद."

शिट्टीबाईचा कप ओठांजवळच थांबला.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे. मग उठून तिने भिंतीवर हात ठेवला. "भाऊसाहेब, या भिंतीच्या पलीकडे काय आहे?"

मी इतक्या वर्षांत इतका आनंदलो नव्हतो. वर चढता आलं असतं तर पन्नासाला जाऊन टेकलो असतो!

दोघं मागच्या गल्लीत गेली. पुढचं बोलणं मला विटांतून ऐकू आलं. बेकरीवाला सुट्टीचा दिवस म्हणून आडवा झाला होता.

"भट्टी? ही काय, या भिंतीला लागूनच," तो जांभई देत म्हणाला. "आमची म्हातारी थंडीत इथे पाठ शेकायची. का? तुमच्या बाजूनेही कोणी शेकतंय का?"

मग भाऊसाहेबांचा आवाज आला. "हो. तापमापक."

बेकरीवाला इतका हसला की पिठाचे डबे वाजले. भाऊसाहेब हसले नाहीत. ते परत आले आणि माझ्याखाली बाकावर बसले. वही मांडीवर.

"तीन हजारांवर नोंदी आहेत, बाई," ते म्हणाले. "सगळ्यांखाली माझी सही. आणि जे आकडे त्यातल्या त्यात खरे होते, ते मी खोडले."

शिट्टीबाई त्यांच्याशेजारी बसली. "तुम्ही खोडलेत, पण पुसले नाहीत ना."

"लोक हसतील."

"हसतील की. मीही हसले. पण भाऊसाहेब, गुरुवारी मैदान जातंय. झाडं जातील. त्या मुली घरी बसतील. माझ्याकडे गळ्यातली ही शिट्टी तेवढी राहील. तुम्ही बोललात तरच काही होईल. माझं कोण ऐकणार? माझ्याच मैदानात पोर पडली."

भाऊसाहेब उठले, वही कपाटात ठेवली आणि घरी गेले. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, संपलं. हा माणूस भित्रा नाही, पण त्या वहीशिवाय त्याच्याकडे मिरवायला दुसरं काही नव्हतं. ती कोण आपल्या हाताने फाडेल?

मंगळवारी कचेरी उघडायच्या आधी भाऊसाहेब पक्कड घेऊन हजर.

शर्टाची वरची गुंडी उघडी होती. त्यांनी मला हळूच खाली उतरवलं, मग खिळा उपटला. खिळ्याबरोबर भोकातून कागदाची पिवळी गोळी बाहेर पडली. त्यांनी ती नखाने उलगडली आणि वाचली. "हे यंत्र भिंतीवर, उन्हात किंवा उष्णतेजवळ लावू नये. गवताच्या मोकळ्या जागी, सावलीत, वारा खेळेल असे माणसाच्या उंचीला लावावे."

त्यांनी ते पुन्हा वाचलं. आणि मग भाऊसाहेब हसले. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलवून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. अकरा वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा गाव पाहिलं!

दुपारी अडीचला शिट्टीबाईने छत्री धरली, भाऊसाहेबांनी मला दोरीला बांधून हातात धरलं, आणि आमची वरात निघाली. आधी चौकात, डांबरी रस्त्यावर, छत्रीच्या सावलीत. मला स्थिर व्हायला दहा मिनिटं लागतात. दहा मिनिटं ती दोघं रस्त्याच्या मधोमध तशीच उभी. सायकलवाले वळून वळून बघत. एकाने विचारलं, "भाऊसाहेब, मासा लागला का गळाला?"

"चाळीस लागला," भाऊसाहेब म्हणाले आणि लिहून घेतलं.

मग आम्ही मैदानावर गेलो. मला झाडाच्या खालच्या फांदीला अडकवलं. पायाखाली गवत. पानांतून वारा आला आणि माझ्या नळीवरून गेला. असा स्पर्श मला ठाऊक नव्हता. माझी पाठ अकरा वर्षांत पहिल्यांदा गार झाली. पारा उतरत उतरत माझ्या तिरक्या सदतिसापाशी येऊन थांबला. ज्या वेळी भिंत पंचेचाळीस म्हणायची, त्याच वेळी मैदान सदतीस म्हणत होतं. तळ्याच्या काठी तर छत्तीस.

संध्याकाळी सहाला त्यांनी मला पुन्हा वाचलं. एकतीस. बुधवारी सकाळी सहाला वाचलं. तेवीस.

भाऊसाहेब तेविसाकडे बराच वेळ बघत राहिले. "बाई, मी याला सकाळी कधी विचारलंच नाही हो," ते म्हणाले. "दिवसाची सगळ्यात वाईट वेळ, गावातली सगळ्यात वाईट भिंत. आणि तोच आपल्या गावाचा आकडा!"

गुरुवारी पाच वाजता कचेरीचं दालन भरलं. दारं बंद, पंखे फिरताहेत, माणसं घामेघूम. मी भाऊसाहेबांच्या टेबलावर फडक्यात गुंडाळलेला होतो. अध्यक्षांनी विषय वाचला. सुतार आधी उठला.

"मला शीतगृहाचं काही पडलेलं नाही," तो म्हणाला. "माझी पोर पडली. उद्या दुसऱ्याची पडेल. मैदान बंद करा, विषय संपवा."

माना डोलल्या. मग भाऊसाहेब उठले. त्यांनी वही दोन्ही हातांनी धरली होती.

"मला एक दुरुस्ती नोंदवायची आहे," ते म्हणाले.

आणि त्यांनी सगळं सांगितलं. भिंत, भट्टी, सोमवार, रेघा. काही वगळलं नाही. आधी कोणाला कळेना. मग मागून बेकरीवाला ओरडला, "म्हणजे अकरा वर्षं पेपरात माझ्या पावाचं तापमान छापून येत होतं!"

दालनात हशाचा स्फोट झाला. लोक बाकं बडवत होते. भाऊसाहेब मान खाली घालून उभे राहिले. हसू ओसरेपर्यंत ते हलले नाहीत. मग त्यांनी ती पिवळी चिठ्ठी काढून अध्यक्षांपुढे ठेवली. अध्यक्षांनी वाचली आणि मोठ्याने विचारलं, "ही भोकात कोणी कोंबली?"

सुताराने कपाळावर हात मारला. "अगं आई गं! मीच की!"

पुन्हा हशा. पण सुतार लगेच गंभीर झाला. "चिठ्ठीचं माझ्या माथी मारा, कबूल. पण पोर पडली ती खोटी आहे का?"

तेव्हा शिट्टीबाई उठली. "नाही. ती खरी आहे, आणि त्यात चूक माझी. चार वाजता पळवायला नको होतं. आठ अंश कमी निघाले म्हणून दुपार काही गार होत नाही. हवा तुम्ही म्हणता तेवढी तापत नाही, पण मी समजत होते त्यापेक्षा जास्त तापते. मला मैदान सकाळी साडेपाचला उघडू द्या आणि नऊला बंद करू द्या. संध्याकाळी साडेपाचनंतर पुन्हा. मधल्या वेळेत मी कुलूप लावून किल्ली तुमच्याकडे देईन, सुतारभाऊ."

सुतार खाली बसला.

"अजून एक," भाऊसाहेब म्हणाले. त्यांनी वही उघडली. "खोडलेले सोमवार मी काल रात्री उशिरापर्यंत बसून मांडले. भट्टी बंद असतानाचे. अकरा वर्षांत सोमवारही एका अंशाने चढलाय. म्हणजे उन्हाळा वाढतोय, ते खरंच आहे. आणि या गावात भर दुपारी सगळ्यात गार जागा कोणती? मैदान आणि तळं. ती झाडं तोडून आपण काय बांधणार, तर शीतगृह!"

अध्यक्ष रुमालाने मान पुसत होते. "भाऊसाहेब, तुमच्या आकड्यांवर आता विश्वास ठेवायचा तरी कसा?"

"ठेवू नका," भाऊसाहेब म्हणाले. त्यांनी फडकं सोडून मला उचललं. "सहा वाजत आलेत. चला बाहेर. स्वतः वाचा."

आणि सभा उठून चालू लागली! पुढे भाऊसाहेब मला छातीशी धरून, मागे अध्यक्ष, सुतार, बेकरीवाला आणि निम्मं गाव. फाटकातून आत शिरताच तळ्यावरचा वारा सगळ्यांच्या अंगावर आला. घामेजलेले शर्ट फडफडले. कोणीतरी "आहाहा!" म्हणालं. मला फांदीला अडकवलं. दहा मिनिटं थांबायचं होतं, पण कोणाला घाई नव्हती. माणसं गवतावर बसली. कोणी चपला काढल्या. दोन म्हातारे न विचारताच तळ्याला चक्कर मारायला निघाले.

अध्यक्षांनी वाकून मला वाचलं. श्वास रोखून, अगदी भाऊसाहेबांसारखं. "एकतीस," ते म्हणाले. मग झाडाच्या बुंध्याला टेकून बसले. "सभा इथेच पुरी करू. शीतगृह स्टेशनच्या रस्त्याला बांधा, तिथे झाडही नाही आणि माणूसही नाही. मैदान राहील. कोणाची हरकत?"

सगळे सुताराकडे पाहू लागले. त्याची मुलगी केव्हाच जाऊन मैत्रिणींबरोबर काठावर पाय सोडून बसली होती. सुतार तिच्याकडे बघत म्हणाला, "किल्ली माझ्याकडे द्यायची, ठरलं ना ताई?"

"ठरलं, भाऊ."

"मग हरकत नाही."

शिट्टीबाईने शिट्टी फुंकली. इतक्या जोरात, की झाडावरचे सगळे पक्षी उडाले आणि अध्यक्षांनी कानांवर हात ठेवले.

या गोष्टीला दोन उन्हाळे झाले. आता मी मैदानावर राहतो. सुताराने मला घर बांधून दिलंय. पांढरं, चार पायांचं, चारी बाजूंनी तिरक्या पट्ट्यांचं. पट्ट्यांतून वारा आत येतो, ऊन येत नाही. दार सावलीच्या अंगाला. त्याने काम कुठेही सैल ठेवलं नाही. प्रत्येक खिळा तो दोनदा हलवून बघत होता.

भाऊसाहेब मला दिवसातून तीनदा वाचतात. फळ्यावर तीन आकडे लागतात, आणि चौकातून जाणारा माणूस आता आधी सकाळचा आकडा बघतो. शाळेला दोन शिक्षिका मिळाल्या, दोघी पोहणाऱ्या. संध्याकाळी बाकावर जागा मिळवायची तर लवकर यावं लागतं. भाऊसाहेबांची नातवंडं आली की तळ्यातून बाहेर निघत नाहीत. चौकात, डांबराच्या कडेला, पन्नास रोपं लावली आहेत. ती माझ्याएवढी झाली आहेत. चाळिसाला खाली आणायला त्यांना वेळ लागेल, पण ती रोज पानभर पुढे सरकतात. भर दुपारी अजूनही तापतं. तेव्हा फाटकाला कुलूप असतं आणि किल्ली सुताराच्या खिशात.

आणि आज तर विचारूच नका! आज तळ्याभोवतीची पहिली मोठी शर्यत. आसपासच्या सात गावांतून मुली आल्या आहेत. भट्टीच्या गावात, भर उन्हाळ्यात, पळायला! नियम एकच, आणि तो शिट्टीबाईने केलाय. सकाळी सहाला मी सव्वीसच्या वर असलो तर शर्यत रद्द.

म्हणजे सगळं माझ्यावर. दोनशे माणसं माझ्या घराकडे तोंड करून उभी. बेकरीवाला पावाची टोपली घेऊन आलाय, शर्यत संपल्यावर वाटायला. भाऊसाहेब वही उघडून तयार. आज मला वाचायचा मान सुताराच्या मुलीचा. तिच्या छातीवर कागदी नंबर लावलेला आहे. तिने दार उघडलं, चवड्यांवर उभी राहिली, श्वास रोखला.

"चोवीस!" ती ओरडली.

शिट्टी वाजली. मुली सुटल्या. तीही सुटली. धूळ उडाली, लोक ओरडत काठाने पळू लागले. भाऊसाहेबांनी चोवीस लिहिलं, सही केली, वही काखेत मारली आणि चक्क धावत सुटले. पाठीमागून शिट्टीबाई ओरडते आहे, "हात हलवा, भाऊसाहेब, हात!" मैदान रिकामं झालं, सगळं गाव तळ्याच्या पलीकडे पोहोचलं, आणि तिथून असा आरडाओरडा येतोय की माझी काच झणझणते आहे.

मी भरून पावलो. माझं एवढंच मागणं आहे. तुम्ही इथे जवळच आहात, आणि पळतही नाही आहात, म्हणून सांगतो. त्या पोरीने गडबडीत माझं दार उघडंच टाकलंय, आणि सूर्य झाडांच्या वर यायला लागलाय. नऊला भाऊसाहेब मला पुन्हा वाचतील.

तेवढं दार लावून घ्या, आणि तुम्हीही पळा. पहिली कोण येते ते मला इथून दिसत नाही!